डबल क्लिक केलं की सिंगल क्लिकचंही काम होतंय? आधी हे तपासा

यादीतल्या ओळीवर एकदा क्लिक केलं की तपशील दिसावा, दोनदा केलं की ती ओळ बिलात जावी. मागणी इतकी साधी असते की आपण अर्ध्या तासाचं काम म्हणून हातात घेतो. नंतर तीच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत परत येत राहते. कोणी म्हणतं डबल क्लिक चालतच नाही, कोणी म्हणतं दोन्ही कामं एकदम होतात, कोणाची स्क्रीन "जड" झालेली असते, आणि आपल्या मशीनवर मात्र सगळं व्यवस्थित असतं. या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं. मला ते नीट कळलं एका मेडिकलच्या काउंटरवर, म्हणून तिथूनच सांगतो.

कराडजवळच्या एका गावातलं दुकान. बिलिंगचा प्रोग्रॅम मी लिहिलेला, ब्राउझरमध्ये चालणारा. औषधाच्या नावावर एक क्लिक केला की मधोमध पॉपअप उघडून बॅच, एक्सपायरी आणि शिल्लक स्ट्रिपा दिसायच्या. डबल क्लिक केलं की औषध बिलात जायचं. पॉपअपच्या बाहेर कुठेही क्लिक केलं की तो मिटायचा. दोन क्लिकमध्ये गल्लत होऊ नये म्हणून मी २५० मिलिसेकंदांचा टायमर लावला होता: पहिला क्लिक आला की थांबायचं, तेवढ्यात दुसरा आला तर डबल, नाही आला तर सिंगल.

दुकानाचे मालक काका साठीच्या पुढचे. त्यांचा फोन आला, "अरे, हे बघ, नावावर दाबलं की खिडकी उघडतीय आन् लगेच मिटतीय. औषध काय बिलात जाईना." मी रिमोटवरून बघितलं, मी क्लिक केलं, चाललं. "काका, चालतंय की." "तुझ्या हातात चालतंय रे." मग मी प्रत्यक्ष गेलो आणि त्यांच्या शेजारी स्टूल टाकून बसलो. गिऱ्हाईकाने मेटफॉर्मिन ५०० मागितली. काकांनी यादीत नाव शोधलं, माउस नेऊन ठेवला, तर्जनी उचलली, दाबली, सोडली, परत दाबली. घाई नाही, पण सावकाशही म्हणता येणार नाही. दोन दाबण्यांच्या मधे पॉपअप उघडला आणि त्यांचा दुसरा क्लिक त्याच्या बाहेरच्या काळपट पडद्यावर पडला. पॉपअप मिटला. उघडतोय आणि मिटतोय म्हणजे काय, ते मी तेव्हा पाहिलं.

त्यामुळे माझा पहिला सल्ला हाच: कोड बदलण्याआधी नोंद घ्या. माउसडाउन (कळ दाबली), माउसअप (कळ सोडली), क्लिक आणि डबलक्लिक या चारही इव्हेंटना लिसनर, म्हणजे ती घटना घडली की चालणारा कोड, लावा आणि प्रत्येकाची वेळ व मोजणी ब्राउझरच्या कन्सोलवर छापा. ब्राउझरमध्ये ही मोजणी इव्हेंटच्या 'डिटेल' या गुणधर्मात मिळते. काकांच्या हाताची नोंद अशी निघाली:

माउसडाउन, ० मिलिसेकंद, मोजणी १
माउसअप, ११०, मोजणी १
क्लिक, ११०, मोजणी १
(३६० ला टायमर संपला, पॉपअप उघडला)
माउसडाउन, ३९०, पण आता पडद्यावर

पहिल्या दाबण्यापासून दुसऱ्या दाबण्यापर्यंत ३९० मिलिसेकंद. विंडोजचा मूळ ठरलेला वेळ ५०० मिलिसेकंदांचा आहे. म्हणजे विंडोजच्या हिशेबाने काकांचा डबल क्लिक अगदी रीतसर होता. चूक माझ्या २५० ची होती. तो आकडा मी कुठून आणला? माझ्या बोटातून. दिवसभर माउस हाताळणाऱ्या माणसाच्या बोटातून.

आता मुळाशी जाऊ. पहिला क्लिक झाला त्या क्षणी दुसरा येणार आहे की नाही, हे कोणालाच माहीत नसतं: ब्राउझरला नाही, ऑपरेटिंग सिस्टिमलाही नाही. म्हणून माउसच्या क्लिकला कुठलीही सिस्टिम थांबून राहत नाही. पहिला क्लिक झाला की क्लिक कळवून मोकळी होते, दुसरा आला की तोही कळवते आणि वर डबल क्लिक झाल्याचं सांगते. ब्राउझरमध्ये एका डबल क्लिकमागे क्रम असा असतो: माउसडाउन, माउसअप, क्लिक, परत माउसडाउन, माउसअप, क्लिक आणि शेवटी डबलक्लिक. म्हणजे क्लिकचा हँडलर (त्यावर चालणारा आपला कोड) दोनदा चालतो आणि डबलक्लिकचा एकदा. "दोन्ही का होतात?" या प्रश्नाचं उत्तर हे आहे की दोन्ही व्हायचेच असतात, तसंच ठरलेलं आहे. तो बग नाही.

डेस्कटॉपवर तपशील थोडे बदलतात आणि ते माहीत असलेले बरे. थेट विंडोजच्या एपीआयवर, म्हणजे विंडोजने प्रोग्रॅमना दिलेल्या फंक्शन्सवर, काम करत असाल तर डबल क्लिकचा निरोप दुसऱ्यांदा कळ दाबताच येतो, सोडल्यावर नाही, आणि तो दुसऱ्या 'बटन डाउन'च्या जागी येतो. त्यासाठी विंडो क्लासला सीएस_डीबीएलसीएलकेएस ही स्टाइल दिलेली असावी लागते. ती नसेल तर दोन साधे डाउन येतात आणि आपण डोकं खाजवत बसतो. क्यूटी या सी++ लायब्ररीतही माउसडबलक्लिकइव्हेंट दुसऱ्या दाबण्यालाच येतो, आणि त्याआधी पहिल्या क्लिकचा प्रेस आणि रिलीज येऊन गेलेला असतो. जावाच्या स्विंग या खिडक्या-बटनांच्या लायब्ररीत वेगळा डबल क्लिक इव्हेंट नाही. माउसक्लिक्ड दोनदा येतो आणि गेटक्लिककाउंट आधी १, मग २ देतो. स्विंगची आणखी एक खोड आहे. कळ दाबलेली असताना माउस सरकला तर ते ड्रॅग धरलं जातं आणि माउसक्लिक्ड येत नाही. हात थरथरणाऱ्या माणसाचे क्लिक असे हरवतात. तिथे माउसप्रेस्ड वापरलेलं बरं. डॉटनेटच्या विंडोज फॉर्म्समध्ये साध्या बटनाला डबलक्लिक येतच नाही, कारण बटनासाठी स्टँडर्डडबलक्लिक ही कंट्रोल स्टाइल बंद ठेवलेली आहे. हे माहीत नसेल तर त्यात एक दुपार सहज जाते.

आता टायमरकडे. शोधलं की पहिलं उत्तर हेच सापडतं, म्हणून त्यात काय काय फसतं ते नीट सांगतो.

पहिली अडचण आकड्याची. वेबपेजला ऑपरेटिंग सिस्टिमचा डबल क्लिकचा वेळ विचारता येत नाही. डेस्कटॉपवर येतो: विंडोजमध्ये गेटडबलक्लिकटाइम आहे, डॉटनेटमध्ये सिस्टिमइन्फर्मेशन डॉट डबलक्लिकटाइम, मॅकवर एनएसइव्हेंटचा डबलक्लिकइंटरव्हल, जावात 'एडब्ल्यूटी डॉट मल्टिक्लिकइंटरव्हल' ही डेस्कटॉप प्रॉपर्टी. डेस्कटॉपसाठी लिहीत असाल तर आकडा स्वतःच्या मनाने घालूच नका, सिस्टिमला विचारा. विंडोजच्या कंट्रोल पॅनलमधल्या माउसच्या पट्टीवर हा वेळ २०० पासून ९०० मिलिसेकंदांपर्यंत सरकवता येतो. ज्यांची बोटं आखडलेली आहेत, ज्यांना संधिवात आहे, त्यांच्यासाठी कोणीतरी ती पट्टी सरकवून ठेवलेली असते. आपला २५० त्या माणसाचा डबल क्लिक हिरावून घेतो.

"मग टायमर ५०० चा करू." मीही केला. इथे दुसरी अडचण निघते आणि ती फारसं कोणी सांगत नाही. विंडोज वेळ मोजते पहिल्या दाबण्यापासून दुसऱ्या दाबण्यापर्यंत. आपला टायमर मात्र सुरू होतो क्लिकला, म्हणजे पहिल्यांदा कळ सोडल्यावर, आणि आपण तो रद्द करतो डबलक्लिकला, म्हणजे दुसऱ्यांदा कळ सोडल्यावर. मोजपट्टीची दोन्ही टोकं चुकलेली. समजा, माणसाने पहिल्यांदा कळ ७० मिलिसेकंद दाबून धरली, दुसऱ्यांदा ४८० ला दाबली आणि जरा जास्त, १६० मिलिसेकंद, धरून ठेवली. डबलक्लिक येणार ६४० ला. आपला टायमर ७० ला सुरू होऊन ५७० ला संपला. म्हणजे ५०० चा टायमर असूनही आधी सिंगलचं काम झालं, मागून डबलचंही झालं. महिन्यातून दोनदा होणारी, कधीच पकडता न येणारी तक्रार ती हीच.

यावर उपाय छोटा आहे. टायमर डबलक्लिकला रद्द करू नका, दुसऱ्या माउसडाउनला करा. माउसडाउनचा 'डिटेल' पुढची मोजणी दाखवतो, म्हणजे दुसऱ्यांदा कळ दाबताच तो २ असतो. हिशेब असा लिहायचा:

माउसडाउन आला आणि डिटेल २ किंवा जास्त असेल, तर टायमर रद्द.
क्लिक आला आणि डिटेल १ असेल, तर टायमर सुरू; संपल्यावर सिंगलचं काम.
डबलक्लिक आला, तर डबलचं काम.

यात दुसरा क्लिक डबल आहे की नाही हे आपण ठरवत नाही. ब्राउझर ठरवतो, तोही सिस्टिमच्या सेटिंगप्रमाणे. स्वतःच दोन क्लिकमधलं अंतर मोजून "हा डबल" म्हणणारा कोड दिसला तर तो काढून टाका. त्यात जागेचं भान नसतं. विंडोजमध्ये दुसरा क्लिक पहिल्याच्या भोवतीच्या छोट्या चौकटीत पडावा लागतो, मूळ सेटिंग ४ पिक्सेलांचं आहे. वरच्या ओळीवर एक आणि खालच्या ओळीवर एक असे भरभर दोन क्लिक केले तर ते दोन सिंगल आहेत. घरगुती मोजणीला ते डबल वाटतात आणि भलतंच औषध बिलात जातं.

'डिटेल'बद्दल एक गोष्ट विसरू नका. टॅबने बटनावर जाऊन एंटर मारला तरी क्लिक इव्हेंट येतो, पण त्याचा डिटेल ० असतो, कारण माउस दाबलाच गेलेला नाही. "डिटेल १ असेल तरच" एवढंच लिहिलं तर कीबोर्डवर काम करणाऱ्याचं बटन मरतं. शून्याला थांबायचं काही कारण नाही, तिथे काम लगेच करा.

रिअॅक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीत हाच टायमर आणखी एका ठिकाणी फसतो आणि तो कोड मी किमान चार जणांचा दुरुस्त केला आहे. टायमरचा आयडी कंपोनंटच्या आत साध्या व्हेरिएबलमध्ये ठेवलेला असतो. पहिल्या क्लिकला स्टेट बदलली, कंपोनंट पुन्हा रेंडर झाला, व्हेरिएबल नवं कोरं झालं. दुसऱ्या क्लिकला रद्द करायला आपल्या हातात काहीच नाही, जुना टायमर मात्र चालूच आहे. तो आयडी यूजरेफमध्ये (पुन्हा रेंडर झालं तरी टिकणाऱ्या जागेत) ठेवा आणि कंपोनंट जाताना टायमर रद्द करा, नाहीतर पान बदलल्यावर जुन्या पानाचा पॉपअप उघडतो. रिअॅक्ट न वापरणाऱ्यांकडे याचाच भाऊ भेटतो: पहिल्या क्लिकला निवडलेली ओळ रंगवण्यासाठी सगळी यादी इनरएचटीएमएलने नव्याने लिहिली जाते. ज्या ओळीवर डबलक्लिकचा लिसनर होता ती ओळ पानावर उरलेलीच नसते. ओळ पुन्हा बनवू नका, फक्त तिचा क्लास बदला, आणि लिसनर ओळीऐवजी सबंध यादीवर लावा.

एवढं सगळं करून काकांकडे डबल क्लिक चालायला लागला. आठवड्यातच दुसरा फोन. आता काउंटरवर बसणारा त्यांचा पुतण्या बोलत होता, "दादा, बॅच बघायला क्लिक केलं की अर्धा सेकंद काहीच होत नाही. मला वाटतं लागलं नाही, म्हणून मी परत दाबतो. मग औषध बिलात जातं." बिलात दोन-दोन स्ट्रिपा, गिऱ्हाईक समोर उभं. टायमर लावला की ही किंमत मोजावीच लागते. प्रत्येक सिंगल क्लिक उशिरा होतो, आणि सिंगल क्लिकच जास्त वेळा होत असतात. आकडा वाढवला तर पुतण्या अडतो, कमी केला तर काका. दोघांना पुरेल असा आकडा नाही. मी तो बरेच दिवस शोधला.

मग मी टायमर काढूनच टाकला.

फायलींच्या यादीत आपण रोज डबल क्लिक करतो. तिथे कधी असा गोंधळ का होत नाही? तिथेही पहिला क्लिक होतोच, आणि त्याचं काम ताबडतोब होतं: फाइल निवडली जाते, निळी होते. दुसऱ्याने ती उघडते. उघडायची फाइल आधी निवडली गेली तर कोणाचं काय बिघडतं? १९८३ साली आलेल्या ॲपलच्या लिसाला एका कळीचा माउस होता आणि त्या एका कळीवर निवडणं आणि उघडणं दोन्ही बसवलं होतं. तीच रीत पुढे सगळीकडे गेली. ती टिकली कारण डबलचं काम सिंगलच्या कामाची पुढची पायरी आहे. पहिला क्लिक कधी रद्द करावा लागत नाही, म्हणून कोणाला थांबावंही लागत नाही. आपल्या प्रोग्रॅममध्ये गोंधळ होतो तेव्हा बहुतेक वेळा सिंगल आणि डबलला एकमेकांशी संबंध नसलेली दोन कामं दिलेली असतात.

बिलिंगमध्ये मी बदल केला तो असा. मधोमध उघडणारा पॉपअप काढला. उजवीकडे कायमची एक पट्टी ठेवली. नावावर पहिला क्लिक झाला की ओळ निवडली जाते आणि पट्टीत बॅच, एक्सपायरी, शिल्लक त्याच क्षणी दिसतं, थांबणं नाही. डबलक्लिक आला की औषध बिलात. डबल क्लिक करतानाही पट्टी बदलते, पण ती हवीच असते, कारण बिलात टाकलेल्या औषधाची एक्सपायरी समोर दिसणं चांगलंच आहे. यादीवर काहीही उघडत नाही, त्यामुळे दुसरा क्लिक भलतीकडे पडत नाही. टायमरच्या चाळीसेक ओळी गेल्या. शिवाय ओळीच्या टोकाला अधिकचं चिन्ह असलेलं बटन दिलं आणि एंटरलाही तेच काम दिलं. काका आता डबल क्लिक करतच नाहीत, ते बटन दाबतात. त्यांना डबल क्लिक कधी आवडलाच नव्हता, दुसरा मार्ग नव्हता म्हणून करत होते. हे मी आधीच विचारायला हवं होतं.

माझं मत या बाबतीत आता पक्कं आहे: डबल क्लिक हा जवळचा रस्ता असावा, एकमेव रस्ता कधीच नसावा. डबल क्लिक करता येतो हे पडद्यावर कुठेही दिसत नाही, सांगावं लागतं. मोबाइलवर तर तो हिशेबात धरूच नका. एके काळी मोबाइल ब्राउझर प्रत्येक टॅपनंतर सुमारे ३०० मिलिसेकंद थांबायचे, कारण दोनदा टॅप केल्यावर पान मोठं करायची सोय होती आणि दुसरा टॅप येतोय का याची वाट बघावी लागायची. म्हणजे आपल्यासारखाच टायमर, फक्त ब्राउझरच्या पोटात. २०१४ मध्ये क्रोमने मोबाइलसाठी बनवलेल्या पानांवरचं हे थांबणं काढलं. बटनांना सीएसएसमध्ये 'टच-ॲक्शन: मॅनिप्युलेशन' दिलं तरी ते जातं. अँड्रॉइड ॲप लिहिताना मात्र दोन्ही खरंच वेगळे हवे असतील तर जेस्चरडिटेक्टर वापरा. त्यातला ऑनसिंगलटॅपकन्फर्म्ड डबल टॅपची मुदत संपल्यावरच येतो, तर ऑनसिंगलटॅपअप लगेच येतो. या दोघांची अदलाबदल हे तिथल्या तक्रारींचं नेहमीचं कारण.

कधीकधी दोन असंबद्ध कामं द्यावीच लागतात, क्लायंट अडून बसतो. तेव्हा वर लिहिलेला टायमर वापरा, दुसऱ्या माउसडाउनला रद्द करा आणि जे काम सहज परत फिरवता येतं ते सिंगलला द्या. पैसे कापणारं, डिलीट करणारं काम दोघांपैकी कशालाच नको.

याच्या उलटी तक्रारही येते: डबल क्लिक नकोच आहे, पण लोक सवयीने 'सेव्ह' दोनदा दाबतात आणि दोन बिलं तयार होतात. इथे क्लिक मोजून भागत नाही. पहिल्या क्लिकला बटन निष्क्रिय करा आणि उत्तर आल्यावर किंवा चूक झाल्यावर परत सुरू करा. सर्व्हरवरही तपासा. प्रत्येक फॉर्मला उघडतानाच एक वेगळा क्रमांक द्या आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर नवं बिल न करता जुनंच परत पाठवा. नेटवर्क अडखळून तीच विनंती दोनदा गेली तरी हे टिकतं. नुसतं बटन बंद करून ते टिकत नाही.

किरकोळ पण चिडवणारी एक गोष्ट: डबल क्लिक केलं की ओळीतला शब्द निळा होऊन निवडला जातो. त्या यादीला सीएसएसमध्ये 'यूजर-सिलेक्ट: नन' दिलं की थांबतं. पण मग लोकांना बॅच नंबर कॉपी करता येत नाही, म्हणून मी ते फक्त नावाच्या रकान्याला देतो.

सगळं करूनही एखाद्या मशीनवर एका क्लिकला डबल होत असेल तर कोडला हात लावण्याआधी माउस बघा. काकांच्या दुकानात सहा महिन्यांनी नेमकं हेच झालं. एकदा दाबलं की औषध बिलात. मी तीच जुनी नोंद परत चालू केली. माउसअप आणि पुढच्या माउसडाउनमध्ये अंतर होतं १५ ते २० मिलिसेकंद, आणि दर वेळी तेवढंच. माणसाचं बोट इतक्या लवकर कळ सोडून परत दाबू शकत नाही. कळीखालचा मायक्रोस्विच झिजला की एकाच दाबण्यात संपर्क तुटतो आणि जुळतो, आणि सिस्टिमला ते दोन क्लिक वाटतात. शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानातून दुसरा माउस आणून लावला. मग पुतण्याने पन्नास वेळा सिंगल क्लिक करून बघितलं. बिल कोरंच राहिलं.